यंदा आमच्याकडून फराळ नाही: दर दिवाळीला डबे नेणाऱ्यांना खुले पत्र

गिरगाव, ठाकूरद्वार, खेतवाडी आणि आसपासची आमची सगळी गिऱ्हाइके, ऑफिसांतून एकगठ्ठा ऑर्डर देणारी मंडळी आणि परदेशातल्या लेकरांना डबे पाठवणारे आईवडील, यांस

सप्रेम नमस्कार.

८ नोव्हेंबर २०२६ला लक्ष्मीपूजन आहे. या दिवाळीला आम्ही फराळाच्या ऑर्डरी घेणार नाही. चकली नाही, अनारसे नाहीत, सुटी भाजणीही नाही. कारणे दोन. चाळ पुनर्विकासाला गेली आणि आमचे बिऱ्हाड सध्या बोरिवलीला भाड्याच्या वन आरकेत आहे. शिवाय ज्या हातांच्या अंदाजावर हा जोडधंदा उभा होता, त्या हातांच्या मनगटाचे ऑपरेशन झाले आहे. सोऱ्या दाबणे, परात उचलणे वर्षभर बंद. घरची हकिकत एवढीच. बाकीचे पत्र फराळाबद्दल आहे.

ही बातमी कळल्यावर बहुतेकांचे उत्तर एकच येते: ‘मोठ्या ऑर्डरी नका घेऊ, पण आमची दोन किलो चकली तेवढी करा.’ मागणी मायेची आहे, हे कळते. पण फराळात दोन किलो हे माप सर्वांत महाग पडते. ते का, हे एकदा नीट सांगून टाकतो, म्हणजे दर फोनला वेगळी सबब द्यायला नको.

चकलीचे काम कढई चढण्याच्या आठवडाभर आधी सुरू होते. तांदूळ धुऊन सावलीत कापडावर वाळवायचा. डाळी वेगळ्या धुऊन वेगळ्या वाळवायच्या. मग प्रत्येक धान्य स्वतंत्र, मंद आचेवर भाजायचे. एकत्र टाकून भाजले तर मूग डाळ करपते तोवर हरभरा डाळ आत कच्चीच राहते, आणि कच्च्या डाळीचा वास तळल्यावरही जात नाही. त्यानंतर गिरणी. भाजणी गव्हावर दळायची नाही, हे घरोघरी माहीत असते. कारण असे की जात्याच्या पाळूत आधीच्या दळणाचे बरेच पीठ अडकून राहते. गव्हाचे पीठ भाजणीत उतरले की चकलीचा खुसखुशीतपणा जातो आणि ती चिवट होते. वीस किलो भाजणी असली तर गिरणीवाला आधी तांदूळ किंवा हरभरा डाळ दळून जाते साफ करून घेतो. दोन किलोसाठी तो तसे करत नाही, आणि केले तरी आपले पाव किलो पीठ जात्यातच राहते.

आता तळणीचा हिशेब. एक किलो भाजणीच्या पन्नासच्या आसपास चकल्या होतात. घरगुती कढईत एका घाण्याला पाच-सहा बसतात आणि मध्यम आचेवर घाण्याला सात-आठ मिनिटे लागतात. म्हणजे किलोला नऊ-दहा घाणे, सव्वा तास. तोही एक जण सोऱ्या दाबत असेल आणि दुसरा झारा धरून कढईशी असेल तर. एकट्या माणसाला हेच काम दोन तासांना जाते, कारण चकल्या पाडेपर्यंत तेल तापत राहते आणि पुढचा घाणा करपतो. कढईत तेल दीड-दोन लिटर घालावेच लागते; चकली दोन किलो असो वा वीस. मोठ्या कामात त्या तेलात थोडी थोडी भर घालत दिवस निघतो. लहान कामात एक-दीड लिटर तापलेले तेल उरते. ते गाळून चार दिवसांत फोडणीला संपवता येते, पण पुन्हा तळणीला वापरू नये. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, वापरलेल्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांची (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणाऱ्या घटकांची) मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. घरी ते मोजायला यंत्र नसते, म्हणून खूण बघायची: तेल दाट झाले, फेस बसेनासा झाला, तापायच्या आत धूर येऊ लागला, तर ते टाकायचे.

थोडक्यात, दोन किलोला वाळवण, भाजण, गिरणी, तेल आणि साफसफाई सगळे तेवढेच लागते आणि हातात दोन किलोच येते. एकाला हो म्हटले की दुसऱ्याला नाही कसे म्हणणार, हा भाग वेगळाच.

जागेचेही आहे. खाद्यपदार्थाच्या धंद्याची नोंदणी पत्त्याला बांधलेली असते. डब्यावरचा तो १४ अंकी क्रमांक गिरगावच्या स्वयंपाकघराचा होता. ते लेबल लावून बोरिवलीच्या खोलीतला माल विकणे म्हणजे सरळ खोटे लिहिणे. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात जागा फक्त राहण्यासाठी आहे असे लिहिलेले असते, आणि घरगुती गॅसच्या जोडणीवर धंद्याचे तळण करता येत नाही. तांदूळ वाळवायला गॅलरी नाही, गच्चीला कुलूप. तेलाचा वास बंद जिन्यात दोन मजले वर जातो. चाळीत त्याला कोणी तक्रार म्हणत नसे, ताट पुढे करत. नव्या शेजाऱ्यांकडून तशी अपेक्षा करणे बरे नव्हे.

‘मग दुसरीकडून करून घ्या आणि तुमच्या डब्यात भरून द्या,’ असेही सुचवले गेले. तसे करणारे पुष्कळ आहेत. आम्हाला ते जमणार नाही. माल बिघडला तर कुठे चुकले हे आम्हाला सांगता आले पाहिजे, आणि दुसऱ्याच्या कढईबद्दल ते सांगता येत नाही.

तेव्हा यंदा घरी करा. सगळे नको, दोन पदार्थ करा, बाकीचे विकत घ्या. अधिक ज्येष्ठामुळे, म्हणजे १७ मे ते १५ जून हा महिना मध्ये आल्यामुळे, दिवाळी नोव्हेंबरात गेली आहे. हे आपल्या फायद्याचे आहे. मुंबईतून पाऊस साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो असे हवामान खाते धरते. २०२५ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती, तेव्हा हवेत दमटपणा होता. यंदा वाळवणाला मध्ये कोरडे दिवस मिळण्याची शक्यता बरीच आहे.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी चकलीपासून सुरुवात करू नये, असे आमचे मत. तरी सगळ्यांना चकलीच हवी असते, म्हणून तीच आधी घेतो. भाजणीला ४ वाट्या जुना तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी मूग डाळ, १ वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी जाडे पोहे, अर्धी वाटी धणे, पाव वाटी जिरे. याचे दीड किलोच्या आसपास पीठ होते. डाळी रंग बदलेपर्यंत भाजू नका. हाताला हलक्या लागल्या आणि खमंग वास सुटला की उतरवा. भाजणी लाल झाली की चकली तळताना काळपट होते आणि आपण ती तळून झाली समजून कच्ची काढतो. दळण फार बारीक नको, फार जाडही नको. चिमटीत किंचित रवाळ लागले पाहिजे.

चार वाट्या भाजणीला तीन वाट्या पाणी उकळायचे. त्यातच तिखट, मीठ, हळद, हिंग, ओवा, तीळ आणि चार मोठे चमचे तेल, म्हणजे मोहन. गॅस बंद करून भाजणी घालायची, उलथण्याच्या दांड्याने ढवळायची आणि झाकून अर्धा तास ठेवायची. ही उकड महत्त्वाची. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, त्यावरच चकली वेटोळ्यात टिकते. थंड पाण्यात भिजवलेली भाजणी सोऱ्यातून तुकड्यातुकड्यानेच पडते. मग कोमट पाण्याचा हात लावत मळायचे. एकदम सगळे नाही, एका सोऱ्यापुरते. उरलेले झाकून ठेवा, वरून वाळले की काटा फाटतो.

पहिली चकली एकटीच तळा. ती सगळे सांगते. तेलात गेल्यावर फेस येऊन विरली, तर मोहन जास्त झाले. थोडी भाजणी वेगळी उकडून त्यात मळा. दातांना दगडासारखी लागली तर मोहन कमी. चमचाभर तेल कडकडीत तापवून घाला आणि पुन्हा मळा. सोऱ्यातून तुटत असेल तर पीठ कोरडे आहे. काटा उठत नसेल आणि चकली तेल पीत असेल तर पीठ सैल आहे. आणि आज कुरकुरीत असलेली चकली उद्या मऊ पडली तर दोष पिठाचा नाही, आचेचा आहे. मोठ्या आचेवर बाहेरून रंग लवकर येतो, आतला ओलावा आतच राहतो आणि डब्यात हळूहळू बाहेर पडतो. चकली टाकल्यावर बुडबुडे जोरात येतात, ते जवळजवळ शांत होईपर्यंत काढायची नाही. रंगापेक्षा बुडबुड्यांवर विश्वास ठेवा. मऊ पडलेल्या चकल्या मंद ओव्हनमध्ये दहा-पंधरा मिनिटे ठेवल्या तर बऱ्याच सुधारतात. डबा मात्र चकल्या पूर्ण गार झाल्यावरच बंद करा. ‘रात्री उशीर झाला म्हणून कोमटच भरल्या’ हे दरवर्षी कोणीतरी सांगते, आणि त्या डब्यातली वाफ उरलेले काम करते.

अनारशांना घाई चालत नाही. जावयाच्या वाणाचे तेहतीस अनारसे यंदा अधिकात आमच्याकडून मिळाले नाहीत, म्हणून दिवाळीला तरी घरचे असावेत असे बऱ्याच जणींचे म्हणणे आहे. तर तारखा उलट मोजा. ३ नोव्हेंबरच्या आसपास तळायचे असतील तर तांदूळ २४ ऑक्टोबरला भिजला पाहिजे. जुना तांदूळ घ्या, चिकट भाताचा नको. तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे. पाणी बदलायचा कंटाळा केला तर आंबूस वास पिठात राहतो. चौथ्या दिवशी निथळून कापडावर पसरायचा, घरातच, उन्हात नाही. मुठीत धरला तर ओलसर लागावा पण हाताला चिकटू नये, या घडीला मिक्सरवर दळून बारीक चाळणीने चाळायचा. पूर्ण वाळला तर गूळ मुरत नाही आणि अनारसा कोरडा होतो. दळतानाच दोन मुठी पीठ बाजूला काढून सुकवून ठेवा. कशाला, ते पुढे सांगतो.

गूळ ओल्या पिठाच्या वजनाच्या पाऊणपट, किसून. चिक्कीचा गूळ अजिबात नको. तो तळल्यावर आवळून कडक होतो. किलोला दोन चमचे तूप घालून कुटून गोळे करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात निदान पाच दिवस ठेवा. या काळात गूळ पिठातला ओलावा घेऊन सगळीकडे पसरतो, म्हणून दुसऱ्या दिवशी कोरडा वाटलेला गोळा पाचव्या दिवशी मऊ असतो. कोरडा वाटला म्हणून दूध घालायची घाई करू नका. खसखशीवर थापून, खसखस वर ठेवून तुपात सोडायचा. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचे. आच मंदच. अनारसा हसला, म्हणजे तुपात पसरून फुटला, तर गूळ जास्त झाला. बाजूला ठेवलेले ते पीठ आता कामाला येते. कडक झाला, जाळी पडली नाही, तर लहानसा केळ्याचा तुकडा किंवा चमचाभर दूध घालून मळा, अर्धा तास थांबा आणि पुन्हा एकच तळून बघा. काढल्यावर चाळणीत उभे करून निथळत ठेवायचे. आडवे ठेवले तर तूप तळाशी साचते आणि तो भाग मऊ राहतो.

बेसनाचे लाडू मात्र कोणालाही जमतात, धीर असेल तर. बाजारचे बारीक बेसन घेतले की लाडू टाळूला चिकटतो. हरभरा डाळ किंचित भाजून जाडसर दळून आणा. एक किलोला अर्धा किलो तूप, लागलेच तर आणखी ५० ग्रॅम. पिठीसाखर पाऊण किलो. बुडाशी जाड असलेल्या कढईत अगदी मंद आचेवर पाऊण तास तरी भाजावे लागते. आधी गोळे होतात, मग पीठ कोरडे दिसते आणि इथेच घाबरून लोक तूप वाढवतात. थांबा. थोड्या वेळाने तेच पीठ सैल होऊन तूप सोडते. खमंग वास आला की दोन-तीन चमचे दूध शिंपडा. फसफसून बेसन कणीदार होते. साखर कोमट झाल्यावरच घाला. गरम असताना घातली तर ती विरघळते आणि लाडू ताटात बसके होतात. तसे झालेच तर मिश्रण रात्रभर ठेवून सकाळी वळा.

चिवड्याला अर्धा किलो पातळ पोहे, दीडशे ग्रॅम शेंगदाणे, शंभर शंभर ग्रॅम डाळं आणि सुक्या खोबऱ्याचे काप, पंधरा-वीस हिरव्या मिरच्या, भरपूर कढीपत्ता, एक वाटी तेल. पोहे दिवसभर उन्हात ठेवले तर भाजताना आकसत नाहीत. चिवडा मऊ पडतो तो नव्वद टक्के वेळा मिरची आणि कढीपत्त्यामुळे. दोन्ही फोडणीत कडकडीत होईपर्यंत तळा, मिरची हाताने मोडली पाहिजे. मीठ आणि पिठीसाखर शेवटी, गॅस बंद केल्यावर.

शंकरपाळ्यांना दूध, तूप, साखर एकेक वाटी, आणि त्यात मावेल तेवढा मैदा, साधारण साडेचार ते पाच वाट्या. तेलात सुटून विरघळू लागल्या तर मैदा वाढवा. याहून सांगण्यासारखे काही नाही. मुलांना कातण द्या आणि बाजूला व्हा.

करंज्या एकट्याने करू नका. पारी लाटून ठेवली की पाच मिनिटांत वाळते, मग कडा चिकटत नाहीत आणि एक करंजी फुटली की सारण तेलात जळून पुढचे सगळे घाणे काळे करते. एकीने लाटायचे, एकीने भरायचे, ओल्या फडक्याखाली ठेवायचे, तिसरीने तळायचे. तीन माणसे जमत नसतील तर सरळ विकत घ्या. सारण कमी भरून खुळखुळा करण्यापेक्षा ते बरे.

विकत घेणाऱ्यांसाठी. तुमच्या भागातल्या महिला बचत गटांना आणि घरगुती करणाऱ्यांना दसऱ्याच्या आधीच गाठा. शेवटच्या आठवड्यात त्यांच्याकडेही तेच होते, हात तेवढेच आणि घाणे दुप्पट. ऑर्डर देण्याआधी पावशेर माल आणून दोन दिवस घरी ठेवा. ताज्या चकलीवरून काही कळत नाही, तिसऱ्या दिवशीच्या चकलीवरून कळते. चकली कागदावर रात्रभर ठेवा. तेलाचे वर्तुळ थोडेसे उमटणारच, पण कागद आरपार पारदर्शक झाला तर पीठ सैल होते. लाडवाला वास घ्या. वनस्पती तुपाचा लाडू तोंडात टाळूवर मेणासारखा थर सोडतो. ज्या पदार्थात सुके खोबरे आहे तो आधी चाखा, कारण खवटपणा आधी खोबऱ्यात येतो, मग शेंगदाण्यात. डब्यावर घटक, निव्वळ वजन, करण्याची तारीख, कधीपर्यंत खावे ती तारीख, हिरवा ठिपका आणि १४ अंकी नोंदणी क्रमांक बघा. आणि अनारसे चकलीच्याच भावात मिळत असतील तर विचारा की तूप कोणते. त्या भावात साजूक तूप बसत नाही.

परदेशी डबे पाठवणाऱ्यांनी पार्सल दिवाळीच्या निदान तीन आठवडे आधी निघेल असे बघा. त्या हिशेबाने अनारसे आणि करंज्या वगळा. प्रवासात त्यांचा चुरा होतो आणि तूप पाकिटातून बाहेर येते. चकली, शंकरपाळी, बेसनलाडू, चिवडा टिकतात. चिवडा डब्यात सैल भरू नका. हलत राहिला की पोह्यांचा भुगा होतो. चकल्या एकावर एक रचून मधे बटर पेपर, वर रिकामी जागा राहिली तर तीही कागदाने भरा. लाडू एकेक गुंडाळा. यादीत प्रत्येक पदार्थ वेगळा आणि त्यातले घटक साध्या इंग्रजीत लिहा. नुसते ‘स्नॅक्स’ लिहिलेले पार्सल तपासणीला अडकण्याची शक्यता जास्त. त्या देशाचे खाण्याच्या पार्सलचे आणि जकातीचे नियम बुकिंगच्या आधी विचारून घ्या, ते बदलत असतात.

तुमच्यापैकी काही जण स्वतः पापड, मसाले, मोदक यांचा जोडधंदा करता, आणि थांबायचे कसे हे तुम्हीही विचारले आहे. आमचे उत्तर: अर्धवट नको. ‘कमी करतो’ म्हणून चालू ठेवलेल्या धंद्यात खर्च पूर्ण राहतो, मालाची प्रत उतरते आणि एका हंगामात पडलेले नाव परत यायला चार हंगाम जातात. थांबायचे तर हंगामाच्या तीन-चार महिने आधी सांगा, म्हणजे गिऱ्हाइकाला दुसरी सोय करता येते. आगाऊ घेतलेले पैसे ‘पुढच्या वर्षी जमा’ म्हणून ठेवू नका, परत करा. पुढच्या वर्षाचा भाव आज कोणालाच ठाऊक नाही. उरलेला कच्चा माल साठवू नका. तीळ, खसखस, सुके खोबरे वर्षभर टिकत नाहीत. खवट होतात किंवा किडतात. घरात वापरा, नातेवाइकांत वाटा. जुन्या पत्त्याची लेबले रद्दीत देण्याआधी फाडा. पितळी सोऱ्या चिंचेने घासून, पूर्ण वाळवून, जाळ्या वेगळ्या गुंडाळून ठेवा. आत पिठाचा कण राहिला तर झुरळे तिथेच येतात. लोखंडी कढईला तेलाचा हात लावून कागदात. इलेक्ट्रॉनिक काट्यातले सेल काढा. आणि लक्षात ठेवा, धंद्यात वापरायच्या अशा काट्याची वैधमापनाकडून, म्हणजे वजनमापे तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून, दरवर्षी पडताळणी लागते. वर्षभर बंद राहिला तर पुन्हा विक्री सुरू करण्याआधी ती करून घ्यावी लागेल. नवीन जागेसाठी खाद्य नोंदणीही नव्याने.

एक मागणे आहे. हंगामात लाटायला आणि तळायला आमच्याकडे ज्या बायका येत, त्यांचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे काम यंदा बुडाले आहे. आमची सुट्टी आम्ही ठरवली, त्यांनी नाही. घरी फराळ करणार असाल, आणि वर सांगितले तसे करंजीला तीन माणसे जमत नसतील, तर त्यांना दिवसाच्या मजुरीवर बोलवा. भाजणीचा अंदाज त्यांच्या हाताला आहे, सामान तुमचे. मजुरी आधी ठरवा, जेवण आणि चहा तुमच्याकडे, आणि एका दिवसात दोन पदार्थांपेक्षा जास्त सांगू नका. आमच्या नेहमीच्या नंबरवर निरोप ठेवलात तर त्यांची परवानगी घेऊन त्यांचा नंबर कळवू. आमची यात काही दलाली नाही.

पुढचे लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबर २०२७ला आहे. त्या वेळी करू की नाही, हे आज सांगत नाही. मनगट आणि जागा दोन्ही जागेवर आली तर २०२७च्या गणपतीनंतर कळवू. कळवले नाही तर नाही असे समजा आणि दुसरीकडे ऑर्डर देऊन मोकळे व्हा, वाट बघत राहू नका.

कितीतरी जणांचे स्टीलचे डबे गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे पडून आहेत. झाकणावर नावे आहेत, काहींवर फक्त आडनावाचे पहिले अक्षर. दसऱ्यापर्यंत दर रविवारी सकाळी दहा ते एक या वेळात ठाकूरद्वार नाक्यावर आम्ही ते घेऊन येऊ. येण्याआधी फोन करा, म्हणजे तुमचाच डबा पिशवीत असेल. ज्यांच्या झाकणावर नुसते ‘क’ लिहिले आहे, अशांनी डब्याचा घेर आणि उंचीही सांगा. असे पाच डबे आहेत.

आपले,
फराळ करणारे आम्ही सगळे
मूळ मुक्काम गिरगाव, सध्या बोरिवली